न दुखणारा हात

आमच्या खानावळीला पाटी नव्हती. औरंगपुऱ्याच्या बाजारातून मागच्या गल्लीत वळलं की भाकरी थापल्याचा आवाज यायचा, तीच आमची पाटी. पुढच्या खोलीत सतरंजीच्या पट्ट्या अंथरलेल्या, मागच्या खोलीत चूल, आणि मोरीला लागून एक अरुंद खोली, तिच्यात आमचं सगळं घर मावलेलं. जेवायला यायची ती बहुतेक पैठण-गंगापूरकडची, कॉलेजात शिकणारी पोरं. त्यांना घरची भाकरी पाहिजे असायची आणि माझी माय ती द्यायची. ताटाएवढी ज्वारीची भाकरी, वर पापुद्रा सुटलेला, सोबत येसराची आमटी, पिठलं नाहीतर वांग्याचं भरीत, आणि खलबत्त्यात कुटलेला शेंगदाण्याचा ठेचा. दुपारची पंगत बसली की ताटांचा, पाण्याच्या तांब्यांचा, 'मावशी, आमटी'चा असा कालवा व्हायचा की मला अजूनही एखादं शांत जेवण पुरं जेवण वाटत नाही. त्या घरात कुणी स्वस्थ बसलेलं मला आठवतच नाही. माय चुलीपुढं बसलेली असायची, पण तिचे हात कधी बसायचे नाहीत. अप्पा, म्हणजे माझे वडील, धान्याच्या मोंढ्यात हमाली करायचे आणि दुपारी घरी आले तरी उंबऱ्यात उभ्यानंच चहा प्यायचे. आमची मूळची मेंढरं राखणारी माणसं. अप्पांना शहरात येऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांच्या चालण्यातली मेंढरं गेली नव्हती. कुठंही निघाले की आमच्या दहा पावलं पुढं.

मायच्या हातांचं सगळ्या पोरांना मोठं कौतुक होतं. ती तव्यावरची भाकरी आरावर टाकायची आणि फुगली की बोटांनीच उचलून टोपल्यात ठेवायची. चिमटा कुठं होता कुणास ठाऊक. पैठणचा रमेश म्हणून एक मुलगा होता, सगळ्यांत जास्त जेवणारा. तो म्हणायचा, "मावशी, तुमचे हात हायेत का सांडशी?" माय हसून म्हणायची, "रानातले हात हायेत, बाबा. असे नाय भाजत." मलाही त्याचा अभिमान होता. माझ्या मैत्रिणींच्या आया तव्याला कापड लावायच्या.

कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं ते इंग्रजी नको होतं म्हणून. शिकवायला साळवे मॅडम होत्या. लहानखुऱ्या, कडक इस्त्रीच्या सुती साडीतल्या, त्यांच्या घरातल्या पहिल्याच शिकलेल्या. त्या फळ्यावर कमी लिहायच्या आणि वर्गात फिरत जास्त बोलायच्या. वेदन म्हणजे अंगाला काहीतरी लागणं आणि संवेदन म्हणजे काय लागलं ते कळणं, हे त्यांनी मला कायमचं समजावलं ते माझ्या तळहातावर बर्फाचा खडा ठेवून. मी डोळे मिटले होते आणि पहिल्या क्षणाला मला वाटलं, चटका बसला. सगळा वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "हसू नका. अंग खरं बोलतं, पण आपण ऐकतो ते आपल्या हिशेबानं."

त्याच महिन्यात आम्हाला स्पर्शाचं प्रात्यक्षिक होतं. समोरच्याचे डोळे बांधायचे, दोन बोथट टोकं एकदम त्याच्या कातडीला लावायची आणि विचारायचं, एक लागतंय की दोन? बोटाच्या पेरावर टोकं अगदी जवळ असली तरी दोन कळतात. पाठीवर चांगलं अंतर ठेवलं तरी माणूस म्हणतो, एकच. हा खेळ मला भलताच आवडला. वर्गातल्या मुलींवर करून झाल्यावर मॅडमनी सांगितलं, आता घरातल्या एखाद्या माणसावर करून आणा, वय जास्त असलेलं बघा. कॉलेजचं उपकरण घरी न्यायला मिळत नव्हतं, म्हणून मी केसांचा आकडा वाकवून त्याची टोकं दगडावर घासून बोथट केली.

जेवणारी पोरं गेल्यावर माय ज्वारीच्या पोत्याला टेकून जरा पाय लांब करायची. तीच वेळ मी धरली. पदरानं तिचे डोळे बांधले तेव्हा ती लहान मुलीसारखी खूश झाली. डावा हात पुढं केला. "एक," म्हणाली. "आता दोन. आता बी दोन. मला फसवायलीस व्हय गं मंगल?" तिची उत्तरं माझ्या मैत्रिणींपेक्षाही बरोबर येत होती. मग मी उजवा हात घेतला, आणि करंगळीच्या बाजूनं तळव्याला आकडा लावला. माय काही बोलली नाही. मी थांबले. तीही थांबली.

"लाव की," ती म्हणाली.

"लावलंय, माय."

तिचा चेहरा मी अजून विसरलेली नाही. डोळ्यांवर पदर होता, त्यामुळं फक्त तोंड दिसत होतं, आणि तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढून ठेवायला विसरल्यासारखं. मी आकडा जरा दाबला. करंगळीला लावला, शेजारच्या बोटाला लावला, मनगटाच्या वर लावला. तिनं डाव्या हातानं पदर ओढून काढला आणि आधी हाताकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "भाकरी थापून थापून घट्टे पडलेत," म्हणाली आणि उठून भांडी घासायला बसली. घट्टे डाव्या हातालाही होते. हे मला तेव्हाच सुचलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. पुस्तक उघडलं की ओळी हलायच्या. मायकडं पाहत राहायची मला सवयच लागली आणि पाहिलं की काहीतरी नवं दिसायचं. ती तांब्या उचलताना आधी हाताकडं बघायची, मग उचलायची. दुसऱ्या कुठल्या बाईला मी तसं करताना पाहिलं नव्हतं. आपला हात कुठं आहे हे आपल्याला न बघता कळतं. तिला तो डोळ्यांनी सांभाळावा लागत होता. उन्हाळा तोंडावर आला होता तरी तिनं लांब बाह्यांचं पोलकं सोडलं नव्हतं. एकदा मोरीत तोंड धुताना बाही वर गेली, तेव्हा कोपराखाली मला एक फिकट चट्टा दिसला, तळहाताएवढा, त्याच्यावरची लव गेलेली. "काय बघायलीस?" म्हणून तिनं बाही खाली ओढली.

मी साळवे मॅडमकडं गेले. म्हटलं, एका बाईला असं असं होतं. कोणाला ते सांगितलं नाही. मॅडमनी हातातला खडू ठेवला, दार लोटलं आणि विचारलं, "तिथल्या कातडीचा रंग बदललाय का?" मी हो म्हणून मान हलवली. त्या म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही, मंगल. पण हा कुष्ठरोग असू शकतो. नसेलही. औषध आहे त्याला, चांगलं औषध आहे, सरकारी दवाखान्यात मिळतं. उशीर मात्र करायचा नाही." नंतर त्या आणखी काही बोलल्या असतील, मला ऐकूच आलं नाही. भीती वाटली की तोंड कोरडं पडतं, छाती धडधडते, तळव्यांना घाम येतो, माणूस एक तर पळतो नाहीतर उभा ठाकतो, हे 'भावना' या प्रकरणात मी पाठ केलेलं होतं. ते सगळं एकामागोमाग माझ्या अंगात होत गेलं, फक्त पळायचं कुठं ते कळत नव्हतं. मी कॉलेजातून निघाले आणि घराच्या गल्लीवरून पुढं चालत गेले, परत आले, पुन्हा पुढं गेले. गल्लीतून भाकरीचा आवाज येत होता.

आमच्याकडं त्या रोगाला महारोग म्हणायचे आणि म्हणताना आवाज खाली जायचा. ज्या घरातल्या बाईला तो आहे त्या घरात जेवायला कोण येणार, हा प्रश्न मला नंतर पडला. आधी पडला तो माझ्याबद्दल. मी स्वतःला टोचू लागले. आकडा, पेनाचं टोक, काही मिळेल ते. वर्गात बाकाखाली, मोरीत, झोपायच्या आधी. आणि एक विचित्र गोष्ट घडायची. ज्या जागेकडं मी लक्ष द्यायची तीच जागा मला बधिर वाटायला लागायची. मग जास्त जोरात टोचायची. आज मी हे सगळं मुलांना शिकवून निवृत्त झालेली बाई आहे. लक्ष कुठं आहे त्यावर काय जाणवतं ते ठरतं, हे वाक्य मी वर्गात किती वेळा उच्चारलं असेल, आणि दर वेळी माझा डावा दंड हुळहुळला आहे.

मायला सांगायचं कसं, हे ठरायच्या आतच ते घडलं. दुपारची पंगत भरात होती. मी वाढत होते. आमच्या मागच्या दाराशी शेजारच्या शकीला खाला उभ्या होत्या, विरजण मागायला आलेल्या. माय एका हातानं भाकरी थापत होती आणि उजवा हात तिनं चुलीच्या बाजूच्या वैलावर टेकला होता, जिथं तवा चिकटून असतो. खाला बोलता बोलता थांबल्या. "कुछ जल रा है री," म्हणाल्या. मायनं भाकरी उलटली. भाकरी नीट होती. "नई री, भाकरी नई," खाला म्हणाल्या आणि पुढं येऊन त्यांनी मायचं मनगट धरून हात ओढला. हाताची कड तव्याला लागून भाजली होती. कातडी पांढरी पडून सुटली होती.

माय त्या हाताकडं असं बघत राहिली जसं दुसऱ्या कुणाचं सामान आपल्या घरात सापडावं. मग तिनं ओला कपडा गुंडाळला आणि पुढची भाकरी घेतली. पण आमटी न्यायला आत आलेल्या रमेशनं सगळं पाहिलं होतं. तो दारातच उभा राहून म्हणाला, "मावशी, दुखत नाय का?"

त्यानं काळजीनंच विचारलं होतं. पण त्या प्रश्नानं पुढची खोली गप्प झाली. इतक्या पोरांच्या पंगतीत घास चावल्याचा आवाजसुद्धा येईना. माय म्हणाली, "दुखतंय की, दुखंल नाय तर काय," आणि तोंड वाकडं केलं. ती दुखल्याचं सोंग करत होती. ते तिला येत नव्हतं.

पोरं गेल्यावर मी दार लावून घेतलं. "माय, मला माहीत हाय," म्हटलं. "दवाखान्यात चल."

ती राख सारायला लागली. मग तिनं जे सांगितलं ते तिनं आधी कुणालाच सांगितलेलं नव्हतं, अप्पांनासुद्धा. तिला दिवाळीच्या आधीच कळलं होतं. करंगळीत मुंग्या येत होत्या, मग मुंग्या गेल्या, तेव्हा तिला वाटलं बरं झालं. "माझी एक चुलती होती," ती म्हणाली. "गावाबाहेर, मेंढरांच्या वाड्याच्या पलीकडं तिला खोपी करून दिली होती. मी लहान होते. तिची भाकर घेऊन मला धाडायचे. दगडावर ठेवायची अन् मागं पळायचं, असं मला शिकवलं होतं. ती हाक मारायची, मी थांबायची नाय." मग म्हणाली, "तुझं लगीन होऊ दे. मंग जाते मी दवाखान्यात. तवर झाकून ठेवते."

"तवर हात राहील का?"

"एका हातानं बी भाकर होते."

मी चिडले, रडले, मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. औषध आहे, बरं होतं, आता तसं खोपीत ठेवत नाहीत. ती ऐकत होती आणि तिच्यापर्यंत काही पोचत नव्हतं. तिला शब्द लागतच नव्हते. मी हातवारे करत बोलत होते, आणि त्यात माझी बाही वर गेली असावी. ती एकदम म्हणाली, "हे काय गं?" तिनं माझा दंड धरून उजेडाकडं वळवला. दंडावर, कोपराखाली, मनगटापर्यंत टोचल्याचे बारीक लाल ठिपके होते. काहींवर खपल्या धरलेल्या.

"तू कामून टोचलंस?"

मी दंड सोडवायला बघितलं. तिला उत्तर त्यातच मिळालं. इतके दिवस ती स्वतःला भीत होती, खानावळीला भीत होती, लोकांना भीत होती. आपल्यापासून लेकीला काही झालं असेल, हे मात्र तिच्या मनात तोवर आलं नव्हतं, किंवा तिनं येऊ दिलं नव्हतं. ती उठली, कोनाड्यातून आकडा घेतला आणि म्हणाली, "डोळे झाक." मी डोळे मिटले तर तिला पुरेना, तिनं वर पदर बांधला. मग ती डाव्या हातानं आकडा धरून माझ्या अंगाला लावत गेली. बोटाच्या पेरापासून सुरुवात केली. दंड, खांदे, मान, पाठ, मग पायाची बोटं, टाचा, पोटऱ्या. हलक्या हातानं, घाई न करता. "लागलं?" "लागलं." "आता?" "लागलं, माय." मधेच ती मुद्दाम न लावता विचारायची. मी म्हणायची, "आता काय नाय." तेव्हा तिचा श्वास सुटल्याचं मला ऐकू यायचं. सगळं अंग तिनं असं बघून काढलं, तान्ह्या लेकराला तेल लावताना बघतात तसं. शेवटी पदर सोडला आणि म्हणाली, "चल उद्या."

अप्पांना तिनं संध्याकाळी सांगितलं. ते बाहेर पडले आणि दिवे लागल्यावर परतले. "मोंढ्यात सांगू नका कुणाला," एवढंच म्हणाले. सकाळी मात्र काम सोडून आमच्याबरोबर दवाखान्यात आले. नेहमीसारखे दहा पावलं पुढं चालत होते, पण वळून वळून बघत होते.

दवाखान्यातली डॉक्टर तरुण बाई होती. तिनं कापसाचा बोळा पिळून त्याची वात केली आणि मायला डोळे मिटायला सांगितलं. कोपराच्या हाडामागची शीर चाचपली, तेव्हा माय कळवळली, आणि आम्हा तिघांनाही त्याचं बरं वाटलं. काही तपासण्या झाल्या, रोग तोच निघाला, पण फार पसरलेला नव्हता. गोळ्यांची पाकिटं मिळाली. पहिल्या गोळीनंतर लघवी लाल होईल, घाबरू नका, असं डॉक्टरनं आधीच सांगितलं होतं, तरी माय घाबरलीच. मायनं तिला एकच प्रश्न विचारला होता. "मी भाकर करू का? लोक खातेत माझ्या हातची."

"करा. तुमच्या हातच्या भाकरीनं कुणाला काही होत नाही," डॉक्टर म्हणाली. "विस्तवापासून हाताला जपा. हात तुम्हाला सांगणार नाही, तुम्हीच त्याच्याकडं बघायचं."

दुसऱ्या दिवशी चुलीशेजारी एक लांब नवा चिमटा पडलेला होता. कुणी आणला ते अप्पांनी सांगितलं नाही.

पण गल्लीला कळलं. कसं कळलं कोण जाणे, अशा गोष्टी भिंतींतून जातात. रमेश यायचा बंद झाला. त्याच्यामागं एक एक करून निम्म्याहून जास्त पोरं गेली. कुणी वाईट बोललं नाही, फक्त दुपारी यायचे थांबले. पुढच्या खोलीत सतरंजीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या राहायला लागल्या. माय सवयीनं पीठ जास्त मळायची आणि उरलेल्या भाकऱ्या आम्ही संध्याकाळी कुस्करून फोडणीला टाकायचो. सगळ्यांत जास्त लागलं ते शकीला खालांचं. ज्यांनी मायचा हात तव्यापासून ओढला त्याच आता मागच्या दारानं यायच्या बंद झाल्या होत्या. माय म्हणायची, "भीत्यात. मी बी पळाले होते."

मग एका दुपारी खाला आल्या. दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात, बाहेरही जाईनात. शेवटी बाही वर सरकवून त्यांनी हात माझ्यापुढं केला. "मेरा बी देख ले, मंगल. नींद नई आ री." मी आकडा आणला. त्यांचे डोळे त्यांच्याच ओढणीनं बांधले. त्यांना सगळं लागत होतं. तपासून झाल्यावर त्या तशाच, डोळे बांधलेल्या, भिंतीला टेकून रडल्या आणि मायनं त्यांच्यासाठी चहा टाकला. त्यांनी तो प्यायला.

खालांनी गल्लीत काय सांगितलं कुणास ठाऊक. पण त्यानंतर बायका येऊ लागल्या. कुणी पीठ मागायच्या निमित्तानं, कुणी तसंच. मी म्हणायची, मला यातलं फार कळत नाही, शंका आली तर दवाखान्यात जा. तरी त्या बसायच्या, हात पुढं करायच्या. भीती माणसाला जितकी लांब पळवते तितकीच ओढूनही आणते, हे मी तिथं दारात बसून शिकले. त्यांतली एक, गल्लीच्या टोकाची, खरोखरच दवाखान्यात गेली, आणि वेळेवर गेली. रमेशही आला एकदा, मान खाली घालून. त्याच्या मानेवर एक गोल डाग होता.

"खाजतं का?" मी विचारलं.

"लई खाजतं."

"मग हे ते नव्हे. गजकर्ण हाय. मलम आण."

तो उठला, चपला घातल्या, परत काढल्या. आतून आमटीला फोडणी दिल्याचा आवाज आला. त्यानं हात धुतले आणि सतरंजीची पट्टी स्वतःच उलगडून बसला. मायनं त्याला वाढलं. त्यानं चार भाकऱ्या खाल्ल्या.

सगळी पोरं काही परत आली नाहीत. खानावळ पहिल्यासारखी भरली नाही ती नाहीच. औषध पुरं झालं, रोग गेला, चट्ट्याचा रंगही पुष्कळसा परतला. त्या दोन बोटांची जाणीव मात्र कधी आली नाही आणि करंगळी जराशी वाकडी राहिली. माझं लग्न ठरताना मायनं स्वतःच मुलाकडच्या लोकांना सगळं सांगितलं. पहिली दोन स्थळं उठून गेली. तिसरं बसून राहिलं, तेच माझं घर झालं.

माझी मुलगी झाली तेव्हा मी माहेरी होते. बाळाला न्हाऊ घालायचं काम आजीचं, पण माय तयार होईना. "मला पाणी कळत नाय," म्हणाली. म्हटलं, डाव्या हाताला कळतं की. ती म्हणाली, "डाव्या हातानं लेकरू धरायचं असतं." मोरीत पाट मांडलेला, पाण्याची वाफ निघत होती, आणि लेकरू भुकेनं रडत होतं. मग मी बाळंतीण असूनही तिच्याजवळ जाऊन बसले. ती पाटावर पाय पसरून बसली, बाळाला नडग्यांवर आडवं घेतलं आणि डाव्या हातानं मान सावरली. मी घंगाळात हात घातला. "कढत हाय," म्हटलं, गार पाणी ओतलं, पुन्हा हात घातला. "आता बरं हाय." मी पाणी ओतायची, ती उजव्या हातानं हलकेच चोळायची. तान्हं लेकरू गप्प झालं. पाणी कळणारे आम्हा दोघींचे मिळून तीन हात होते. तेवढे पुरले.